क्रेट वाजला की टेबल बदल

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार

ही वही माझी नाही. पहिल्या पानावर सृष्टी असं नाव होतं, ते मी खोडलं. ती पोरगी काल आली, आज सकाळी शेडच्या कोब्यावर पडली, गुडघा सोलला, आईला फोन लावला आणि दुपारच्या गाडीनं गेलीसुद्धा. खेळ शिकवणाऱ्या स्नेहल मॅडमनं सगळ्या पोरींना एकेक वही दिली आहे. रोज खरं काय वाटलं ते लिहायचं, कोणी वाचणार नाही. ही एक उरली.

"ठमामावशी, तुम्ही लिहा," मॅडम म्हणाली.

"मी चौथी पास. काय लिहू?"

"खोटं लिहायला जास्त शब्द लागतात. तुम्हाला खरं सोपं जाईल."

बोलायला चांगली आहे. शिकवायला कशी आहे ते बघू.

मी कोंडाजी अण्णांच्या द्राक्षाच्या पॅकिंग शेडवर मुकादम. आडगावात सोळा वर्षं झाली. जानेवारी ते एप्रिल माझ्या हाताखाली साठ बाया असतात. बाकीचे दिवस शेड रिकामं आणि किल्ली माझ्या कमरेला. आता त्या रिकाम्या शेडमधे अण्णांनी या पोरी आणून सोडल्यात. शहरातला हॉल ऐनवेळी हातचा गेला म्हणे. अट एकच, ३१ डिसेंबरला शेड धुऊन परत. मजुरांच्या खोल्यांत राहतील. माझं काम लक्ष ठेवायचं, तेवढंच.

पोरी भारताच्या टीमच्या आहेत. खेळाचं नाव फुटसल. म्हणजे फुटबॉलच, पण छपराखाली, कडक जमिनीवर, एका बाजूला पाच जणी, त्यातली एक गोलात. मॅडम म्हणते बायकांची अशी टीम आपण पहिल्यांदाच बांधतोय. फेब्रुवारीत मलेशियाला जायचं. पण त्याआधी १७ डिसेंबरला दिल्लीचे साहेब येऊन बघणार. कॉलेजच्या पोरांशी मॅच लावायची, आणि तीनपेक्षा जास्त गोलांनी हरल्या तर टीम तिथंच मोडली. मग मलेशियाला नुसते पुरुष जातील.

एवढंच खरं. हात दुखला.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझ्यावर सगळ्या हसल्या. मी सकाळी बॉलची पोती उघडली तर आठही बॉल मेलेले. खांद्यावरून टाकला तर घोट्याएवढा उडतो. मला वाटलं दुकानदारानं या शहरी मॅडमला गंडवलं. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडं नेले आणि दगडासारखे टणक करून आणले. पहिलीच लाथ बसली आणि बॉल छपराच्या पत्र्याला लागून ट्यूबवर. ट्यूब गेली.

मॅडम डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "मावशी, हा बॉल मुद्दामच न उडणारा असतो."

"मग कांद्याची गोणी घ्यायची. तीही उडत नाही."

काचा मीच झाडल्या. अण्णा आले, ट्यूबबद्दल बोलतील असं वाटलं, पण म्हणाले मीटर बघायला आलोय. मीटर कोल्डरूमच्या दाराशेजारी आहे. अर्धा तास बघत होते.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

बॉल दारातून सुटला तो थेट बागेत. तिथं थिनिंगची टोळी काम करते, सुरगाण्याकडची, दर वर्षी येते. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे म्हणजे उरलेले फुगतात, ते काम. टोळीतल्या एका पोरीनं मान वळवली नाही, कात्री थांबवली नाही. अनवाणी तळव्याखाली बॉल दाबला, मागं ओढला आणि दारातून सरळ आत मॅडमच्या पायाशी पाठवला. मग पुढचा घड धरला.

मॅडम पळत बाहेर. "मावशी, ही कोण?"

"रोशनी. गोटीरामची मुलगी. हात फार चांगला आहे तिचा."

"हाताचं नका सांगू."

आश्रमशाळेत दहावीपर्यंत पोरांत खेळायची म्हणे. मॅडमनं तिला आत बोलावलं आणि पाच मिनिटं बॉल दिला. मणिपूरची मेमचा कॅप्टन आहे, बुटकी, दंड असे की पन्नास किलोची गोणी उचलेल. ती समोर उभी राहिली. रोशनीनं तळव्यानं बॉल इकडून तिकडं नेला आणि मेमचा कोब्यावर बसली. कोणी हसलं नाही. मेमचापण नाही.

सृष्टीची जागा रिकामी आहेच.

१८ नोव्हेंबर, शनिवार

गोटीराम नाही म्हणाला. टोळीत एका ओळीला दोघं, अशी जोडी असते. रोशनी गेली तर तिची आई एकटी पडणार आणि त्यांची ओळ मागं राहणार. त्याचं चूक नाही.

मी म्हणाले, "सकाळी तिच्या जागी मी उभी राहते."

"मुकादमीण, तुम्ही कात्री धरणार?"

"का, माझे हात झडले का?"

तो हसला, मग आकाशाकडं बघून म्हणाला, "साहेब येऊन जाईस्तोवर. मग ती परत ओळीत."

बरं झालं. तसाही मला बसून कंटाळा येतो.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेजची पोरं आली, सरावाची मॅच. ११–२.

पोरं गाडीवर बसून शिट्ट्या मारत गेली. पोरी खोल्यांत गेल्या त्या जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. मॅडम कोब्यावर वही घेऊन बसली होती आणि बाण काढत होती. मी बाण बघितले. बाण बरोबर असतील. पण मी मॅच बघत होते तेव्हा मला बाण दिसत नव्हते. पहिली दहा मिनिटं २–१ होतं, मग घसरलं. ज्या पाच जणी चांगल्या त्या आतच, बाकीच्या बाकावर थंडीत कुडकुडत. मधे एखादी धापा टाकायला लागली की तिला बदलायचं. मला ते बघवत नव्हतं. असं टेबल मी चालवलं असतं तर अण्णांनी मला पहिल्याच वर्षी हाकललं असतं.

पण माझं काम लक्ष ठेवायचं. बोलले नाही.

रोशनीला बूट घालून बॉल कळत नाही. "मावशी, पाय आंधळा झाल्यावाणी वाटतं." तिला म्हटलं झोपताना घालून झोप.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

बोलले.

मॅडमला म्हटलं, "दमल्यावर बदलून काय उपयोग? बाई दमते आधी आणि तिला कळतं मागनं. मधल्या वेळात खराब घड पेटीत जातो."

पॅकिंगच्या टेबलावर चार बाया असतात. एक घड उचलते, दुसरी साफ करते, तिसरी वजन करते, चौथी पेटी भरते. एक जरी ढिली पडली तरी चौघी तिच्या चालीनं चालतात. म्हणून मी एकीला बदलत नाही, अख्खं टेबल बदलते. ढिलं पडायच्या आधी. रिकामा प्लास्टिकचा क्रेट घ्यायचा, काठीनं वाजवायचा, चौघी उठल्या, चौघी बसल्या. दोन पाळ्या, दिवसभर. सोळा वर्षांत माझ्या पेटीतून मऊ मणी गेलेला नाही.

"तुमच्याकडं गोलात उभ्या राहणाऱ्या सोडल्या तर आठ जणी आहेत," मी म्हणाले. "दोन टेबलं होतात."

मॅडमनं बाणांची वही मिटली. "या खेळात कितीही वेळा बदलता येतं," ती म्हणाली. "खेळ न थांबवता."

"मग वाट कशाची बघताय?"

२६ नोव्हेंबर, रविवार

वाट मेमचाची होती. ती बाहेर यायला तयार नाही. बाहेर ये म्हटलं की तिला वाटतं अपमान केला.

"आंटी, मैं थका नहीं."

"थका नहीं तभीच बाहर आनेका," मी म्हटलं. माझं हिंदी असंच.

ती पाय आपटत गेली. मग आज सकाळी मी आठही पोरींना माझ्याबरोबर बागेत नेलं, हातात कात्री दिली. एक तास थिनिंग. रोशनीच्या आईनं दाखवलं कसं करायचं. मी गपचूप मेमचाचे घड मोजले. पहिल्या पंधरा मिनिटांत एकवीस. शेवटच्या पंधरा मिनिटांत नऊ, आणि त्यातल्या दोन घडांचे चांगले मणीच काढले होते. तिला विचारलं, शुरू में कितना, आखिर में कितना? ती म्हणाली, सेम.

मी तिला पहिल्या आणि शेवटच्या वेलांपाशी नेलं आणि दाखवलं. तिनं स्वतः मोजले. परत मोजले. मग खाली पडलेले चांगले मणी बोटानं हलवत बसली. उठली आणि म्हणाली, "आंटी, मेरा टेबल कौन सा?"

अण्णा बागेतही आले होते. म्हणाले, बागेतल्या मोटारीचं मीटर बघायचंय. या माणसाला विजेची फार काळजी.

३० नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस नुसतं टेबल बदलणं. मेमचाचं पहिलं टेबल, रोशनीचं दुसरं. तीन-तीन मिनिटं. मी क्रेट वाजवते. आधी पोरी एकमेकींवर आदळायच्या, आता क्रेटचा आवाज विरायच्या आत चौघी गेलेल्या आणि चौघी आलेल्या असतात. मी त्यांना टेबलाचा नियम सांगितला आहे: जागा एक क्षण रिकामी राहता कामा नये. येणारीनं आधी हात घालायचा, मग जाणारीनं उठायचं. काम थांबत नाही ते यामुळंच.

मॅडमला सर्दी-ताप, ती चारही दिवस खोलीत झोपून होती. सराव मीच घेतला. म्हणजे घेतला नाही, क्रेट वाजवला.

थंडी पडली आहे. पोरी इतक्या जोरात पळतात की अंगातून वाफा निघतात. मला बघून मजा येते, हे खरं लिहायचं म्हणून लिहिलं.

५ डिसेंबर, मंगळवार

माझी चूक झाली. खरं लिहायचं तर ही पण लिहायला पाहिजे.

आज मॅडमनं शिट्टीवाला पंच आणला, कॉलेजची पोरं परत आली. पहिला क्रेट वाजला. दुसऱ्या टेबलच्या चौघी आत शिरल्या आणि मग पहिल्या टेबलच्या बाहेर पडल्या, मी शिकवलं तश्या. पंचानं शिट्टी मारली, रोशनीला पिवळं कार्ड दाखवलं. दुसऱ्यांदा क्रेट, परत शिट्टी, परत कार्ड. खेळात नियम उलटा आहे. आधी जाणारीनं रेषेबाहेर यायचं, मगच येणारीनं पाय टाकायचा. नाहीतर क्षणभर पाचाच्या जागी नऊ होतात. मॅडम कालपर्यंत तापात होती म्हणून तिनं माझं शिकवणं बघितलंच नव्हतं.

पोरं हसत होती. एक जण म्हणाला, "काकू, लग्नाची पंगत आहे का?"

९–३. मेमचाला दोन कार्डं झाली, बाहेर काढलं.

मी मॅडमला म्हणाले, उद्यापासून तुम्ही आणि तुमचे बाण. मी शेडबाहेर खुर्ची टाकते. तिच्या आधी रोशनी बोलली. "मावशी, आम्ही शिकलो ते उलटं शिकू. दोन दिस लागतील. तुम्ही बाहेर बसल्या तर क्रेट कोण वाजवणार?"

६ डिसेंबर, बुधवार

सोळा वर्षांची सवय आठ पोरींच्या अंगात चार दिवसांत मीच घातली आणि आता काढायची मीच. जागा रिकामी ठेवा हे माझ्या तोंडून निघत नव्हतं.

दुपारी सुचलं. जाणारीनं रेषेपाशी येऊन येणारीच्या हातावर टाळी द्यायची. टाळी बसल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही. येणारीनं रेषेच्या आत वाकून हात पुढं धरायचा नाही, नाहीतर मी काठी मारेन. शंभर वेळा करून घेतलं. हात लाल झाले पोरींचे. शंभराव्या वेळी चार टाळ्या एकाच वेळी वाजल्या, एकच टाळी वाजावी तश्या.

माझ्या अंगावर काटा आला. थंडी होती.

१२ डिसेंबर, मंगळवार

६–४.

सहा त्यांचे, पण चार आमचे. शेवटी पोरं कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांच्याही बाकावर माणसं होती, पण पोरांना बदलून घ्यायची लाज वाटते. बरं आहे.

दोन गोलांचा फरक. असं १७ तारखेला झालं तर बास. मी नवस बोलले नाही. नवस बोलून टेबल चालत नाही. पण कालिकेच्या देवळात जाऊन आले.

१७ डिसेंबर, रविवार

आज सगळं लिहिते, हात तुटला तरी.

मी पहाटे शेड फिनेलनं पुसलं. दहाला साहेब आले. पांढरे बूट, टोपी, बरोबर त्यांचा स्वतःचा पंच. कॉलेजची पोरं चेष्टा करायच्या मूडमधे नव्हती, साहेबांसमोर त्यांनाही दिसायचं होतं.

तीन मिनिटं झाली, मी क्रेट वाजवला. पोरी रेषेपाशी यायच्या आतच साहेब खुर्चीतून उठले. "ये क्या है? सब्जी मंडी है क्या?" पंच आला, माझ्या हातातनं क्रेट घेतला आणि विचारलं, तुम्ही टीमच्या कोण? कागदावर माझं नाव कुठंच नाही. मला बाकापासून उठवून पार दुसऱ्या टोकाला, कोल्डरूमच्या दारापाशी उभं केलं.

क्रेट नाही म्हणजे टेबल नाही. मॅडम हाका मारत होती पण पत्र्याच्या शेडमधे पन्नास माणसांच्या आवाजात काय ऐकू येतं? मेमचाचं टेबल आतच राहिलं. आठव्या मिनिटाला त्यांचे पाय जड झाले, मला इथनं दिसत होतं. बाकावरच्या चौघी बॉल सोडून माझ्याकडं बघत होत्या. मी हात हलवला तर पंचानं माझ्याकडं बोट दाखवलं. हाफ झाला तेव्हा ४–०.

चार. म्हणजे टीम मोडलेली होती. साहेब चहा पीत घड्याळ बघत होते. रोशनी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती. तिला सांगितलं होतं ना बापानं, साहेब येऊन जाईस्तोवर.

अण्णा मीटर बघायला आलेच होते. कोल्डरूमच्या दारावर एक लाल बल्ब आहे. आत माल असला की लावतो, म्हणजे कोणी दार उघडत नाही. त्याचं बटण मीटरच्या शेजारीच. माझं लक्ष बल्बकडं गेलं, मग अण्णांकडं.

"अण्णा, पंचाचा डोळा माझ्यावर आहे. मी पदर डोक्यावर घेतला की हे बटण तुम्ही दाबायचं. कमरेला खोचला की बंद."

अण्णांनी का म्हणून विचारलं नाही. "तीन-तीन मिनिटांनीच ना?" म्हणाले.

मला नवल वाटलं. मीटर बघता बघता या माणसाचे कान किती तिखट.

मी मेमचाला बाटली द्यायच्या निमित्तानं बाकापाशी गेले आणि सांगितलं, "लाल बत्ती, टेबल बदली." रोशनीला म्हटलं, "नाडी बांध."

दुसरा हाफ. मी डोक्यावर पदर घेतला. लाल बल्ब लागला. चार टाळ्या. पंचानं बघितलं, शिट्टी तोंडात तशीच राहिली, वाजवायला काही नव्हतंच.

पदर डोक्यावर, पदर कमरेला. सासरे होते तेव्हासुद्धा मी एवढ्या वेळा पदर घेतला नाही. मेमचानं पहिला गोल मारला, ४–१. मग त्यांनी एक मारला, ५–१. परत चारचा फरक. आठ मिनिटं राहिली होती. पण मला पोरांचे पाय दिसत होते. त्यांचा तो शिट्ट्या मारणारा गुडघ्यावर हात ठेवून उभा होता आणि त्यांचे मास्तर त्याला बाहेर बोलावत होते, तर तो मानेनं नाही म्हणत होता.

पदर. बल्ब. टाळ्या. रोशनीचं टेबल आत. बॉल तिच्याकडं आला, समोर दोघं. तिनं तळव्याखाली धरला. बुटाच्या तळव्याखाली. दोघं पुढं आले तसा तिनं बॉल मागं ओढला, ते दोघं पुढंच गेले, थांबायला पाय कुठं होते? आणि तिनं मारला, जोरात नाही, कात्री लावावी तसा. खांबाच्या आतल्या बाजूनं. ५–२.

तीनचा फरक. इथं थांबलं असतं तरी चालत होतं. पण मी कशाला थांबू? पदर. बल्ब. मेमचा, ५–३. मग कोणाचा पाय लागला कळलंच नाही, ५–४. शेवटच्या मिनिटाला बॉल खांबाला लागून परत आला नसता तर बरोबरी होती. शिट्टी वाजली तेव्हा पोरं खाली बसली आणि माझ्या पोरी उभ्या होत्या.

साहेबांनी कागदावर सही केली. उभं राहूनच केली. मॅडमला म्हणाले, इतनी साफ अदलाबदली मैंने कहीं नहीं देखी, कौन से देश की किताब पढ़ी?

मॅडम म्हणाली, "आडगाव की."

पाय दुखतायत. मॅडम म्हणते तुम्ही भिंतीकडंनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा पळत गेलात. खोटं बोलते. बाईमाणूस घाईनं चालतं, पळत नाही. चप्पल कशी तुटली ते मात्र कळत नाही.

१८ डिसेंबर, सोमवार

गोटीरामला सांगितलं. तो म्हणाला, मलेशिया म्हणजे मनमाडच्या पुढं का? रोशनीची आई शेजारीच होती. तिनं ओळीतला घड धरला होता, तो कितीतरी वेळ धरूनच ठेवला. मग मला म्हणाली, "मुकादमीण, तुमचा हात हळू चालतो. पण चालंल. बागेतली कामं संपंस्तोवर या."

१४ जानेवारी २००७, रविवार

उद्यापासून माल सुरू. शेड धुतलं. कोब्यावर पोरींनी मारलेल्या पांढऱ्या रेषा निघत नाहीत. अण्णांना म्हटलं घासून काढते, तर म्हणाले राहू दे, टेबलं सरळ लावायला बऱ्या पडतील.

मॅडम तिळगूळ घेऊन आली. रोशनीचा पासपोर्ट झाला. शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून लिहिला आहे. टोळीतल्या निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचाच, गुरुजींना तेवढी एकच तारीख यायची.

मग मॅडम म्हणाली, "मावशी, टीमला मॅनेजर लागते. तुमचं नाव देते."

मी म्हटलं माझी जन्मतारीख कोणाला ठाऊक नाही.

"शाळेत १ जून असेल."

मी म्हटलं शाळेचं छप्पर कधीच उडालं. आणि फेब्रुवारीत परदेशी मालाचे कंटेनर असतात, साठ बायांना कोण बघणार? नको म्हणाले. दोनदा म्हणाले.

तिला माझी काठी दिली. क्रेट तिकडं मिळेल म्हटलं, क्रेट सगळीकडं असतात.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

जवळजवळ महिनाभर लिहिलं नाही, बसायला वेळ नाही. आज लिहिलंच पाहिजे.

बाया आता टेबल बदलताना एकमेकींच्या हातावर टाळी देतात. विमलाबाईनं सुरू केलं, ती खिडकीतनं बघायची त्या पोरींना. मी ओरडले, द्राक्षाला धक्का लागेल. ऐकत नाहीत. काम मात्र उलट भरभर होतं, का ते कळत नाही.

दुपारी ऑफिसात फोन वाजला. रोशनी. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"मावशी, पहिल्या दोन हरलो. आज जिंकलो. ३–२."

"गोल कोणाचे?"

"दोन मेमचा, एक माझा. मावशी, ऐका ना. इथं क्रेट वाजवू देत नाय, काठी पण बाहेरच ठेवून घेतली. लाल बल्ब बी नाय."

"मग टेबल कसं बदललं?"

ती हसायला लागली. हसू थांबेना. मागं अजून कोणकोण हसत होतं. "मॅडम डोक्यावर पदर घेते. ओढणी आणली तिनं, खांद्यावर टाकून उभी ऱ्हाते. डोक्यावर घेतली की आम्ही बदलतो. समोरच्या टीमची बाई आज विचारत होती, तुमच्या धर्मात असं किती वेळा करायचं असतं?"

फोन कट झाला.

मी बाहेर आले. अण्णा मीटरपाशी उभे होते, भिंतीकडं तोंड करून. म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, जिंकलो. ते वळले नाहीत. बराच वेळ आकडा बघत राहिले, आकडा फार चढला असेल. मग घसा खाकरून म्हणाले, "ठमाबाई, बाया थांबल्यात."

खरंच थांबल्या होत्या. साठ बाया, टेबलावरच्या हातात घड धरून, पाळी नसलेल्या बाजूला उभ्या, सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

मी क्रेट उचलला. कोणाचीच बदली व्हायची नव्हती. तरी वाजवला.